व्हर्डंट, लश, लीफी की नुसतं ग्रीन? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी इंग्रजीचे वर्ग घेते आणि जोडीला माहितीपत्रकं, दुकानांच्या पाट्या, शाळांची वार्षिकं इंग्रजीत करून देते. मृग लागला आणि सातपुड्याचा रंग बदलू लागला की ठरलेले प्रश्न यायला लागतात. अमुक जागेला व्हर्डंट म्हणू का, केळीला लश चालेल का, एव्हरग्रीन लिहिलं तर बिघडलं कुठे. दरवर्षी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एका ठिकाणी आणलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त शुद्धलेखन नीट केलंय. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही. क्रमांक दिलेत, तिकडे बघून घ्या.

१. मॅडम, व्हर्डंट म्हणजे काय? एका शब्दात सांगा.

हिरवागार. पण एवढ्यावर फोन ठेवू नका. रंग दिल्यामुळे हिरवं झालेलं नव्हे, तर गवत, पिकं, झाडं उगवून आल्यामुळे हिरवं झालेलं. म्हणून हे विशेषण जागेला शोभतं. डोंगर, दरी, शिवार, कुरण, नदीकाठ, बाग. 'व्हर्डंट हिल्स', 'अ व्हर्डंट व्हॅली', 'द व्हर्डंट बँक्स ऑफ द तापी'.

वर्गात मी एक खूण सांगते. तुम्ही किती लांब उभे आहात? सातपुड्यातल्या पाल गावाच्या रस्त्याला वळणावर गाडी थांबवलीत, समोरचा अख्खा उतार दिसतोय आणि एकही झाड सुटं ओळखू येत नाही, तर तो उतार व्हर्डंट. खाली उतरून सागाचं एक पान हातात घेतलंत की ते ग्रीन. गवताला मात्र जवळूनही व्हर्डंट चालतं. गवताची एकेक काडी कोण बघतो?

२. स्पेलिंग आणि उच्चार नीट सांगा. आमच्याकडे कोणी वर्डेंट म्हणतं, कोणी व्हर्डिअंट.

व्ही, ई, आर, डी, ए, एन, टी. मधे आय नाही, त्यामुळे व्हर्डिअंट चूक. जोर पहिल्या 'व्हर्'वर द्यायचा आणि 'डंट' हलकेच सोडायचं. ब्रिटिश उच्चारात 'र' जवळपास ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो. मागे 'अ' लावायचं, 'ॲन' नाही. तुलना करायची तर 'मोअर व्हर्डंट', 'मोस्ट व्हर्डंट'. 'व्हर्डंटर' असं काही नसतं. भाववाचक नाम दोन आहेत, व्हर्डन्सी आणि व्हर्जर. दुसरं लिहिताना डी येतो, पण उच्चार 'जर' असा होतो.

३. ग्रीन असताना हा जड शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये हिरव्याला 'विरिडिस' म्हणत. त्यातून फ्रेंच 'व्हेर', इटालियन आणि स्पॅनिश 'व्हेर्दे' निघाले. फ्रेंचमार्गे व्हर्डंट सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. ग्रीन हा इंग्रजीचा घरचा शब्द. तो 'ग्रो' आणि 'ग्रास' यांचा सख्खा भाऊ, म्हणजे वाढणं, गवत आणि हिरवं एकाच मुळातून आलेलं. घरचा शब्द रोजच्या कामाला आणि बाहेरून आलेला सणासुदीला, हे आपल्याकडेही आहेच. हिरवं आपण रोज म्हणतो, हरित म्हटलं की सरकारी योजना आठवते.

या घराण्यातले नातेवाईक लक्षात ठेवले तर शब्द विसरत नाही. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य म्हणजे फ्रेंचमधला 'हिरवा डोंगर'. तांब्याच्या घागरीवर येणारा हिरवा थर म्हणजे व्हर्डिग्रीस, मूळ अर्थ 'ग्रीसचं हिरवं'. केप व्हर्ड हा देश तर गंमतच आहे. नावाचा अर्थ हिरवं भूशिर, पण बेटं बरीचशी कोरडी. नाव मिळालं ते समोरच्या सेनेगलच्या किनाऱ्यावरच्या भूशिरावरून. नावात हिरवं असलं म्हणून जागा हिरवी असेलच असं नाही. प्लॉटच्या जाहिराती वाचताना हे आठवा (प्रश्न १७).

४. व्हर्डंट, लश आणि लीफी यांत फरक काय? मला तर तिन्ही सारखेच वाटतात.

तिन्ही हिरवे असले तरी तिघांची नजर वेगळी.

लशमध्ये पाणी आहे. भरपूर पाणी पिऊन, रसरशीत, दाट वाढलेलं ते लश. ठिबकवर वाढलेली केळी लश. मुरमाड माळावर पहिल्या पावसानंतर कोवळं गवत आलं तर ते व्हर्डंट म्हणता येईल, पण त्याला लश म्हणणं म्हणजे जास्तच झालं. ते दाट नाही, रसरशीत नाही. आपल्याकडचं रसरशीत आणि लश हे जोडीनं डोक्यात ठेवा.

लीफीमध्ये पानं आहेत. पालेभाज्या म्हणजे 'लीफी व्हेजिटेबल्स', तिथे दुसरं काही घालूच नका. दोन्ही बाजूंना कडुनिंब असलेली गल्ली 'अ लीफी लेन'. एक बारकावा सांगते. इंग्लंडमध्ये 'लीफी सबर्ब' म्हटलं की झाडांबरोबर बंगले आणि पैसाही सुचवला जातो. तुमच्या कॉलनीत झाडं खूप आहेत पण बंगले नाहीत, तर 'ट्री-लाइन्ड' म्हणा. तो शब्द कोणाचा खिसा तपासत नाही.

व्हर्डंटमध्ये विस्तार आहे. तो कसा, ते पहिल्या प्रश्नात आलंच.

लश हा शब्द माणसाला लावू नका. अमेरिकन बोलीत 'अ लश' म्हणजे दारुडा. एका विद्यार्थ्यानं स्वागताच्या भाषणात पाहुण्यांना 'अवर लश गेस्ट' म्हटलं होतं. पाहुणे धुळ्याचे होते, हसून गेले.

५. पेपरात नेहमी 'लश ग्रीन' वाचतो. लश म्हणजेच हिरवं, मग पुन्हा ग्रीन कशाला?

बरोबर आहे, चालतं. लशचा मूळ अर्थ रंगाचा नाही, वाढीचा आहे, त्यामुळे पुढे ग्रीन आलं तरी पुनरुक्ती होत नाही. आपण नाही का म्हणत, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. रंगाला एक शेपूट लावून तो गडद करायची आपली जुनी सवय. हिरवागारमधला 'गार' थंडीचा नव्हे, तरी मे महिन्यात जळगावात बसून तो शब्द उच्चारला की थोडं गार वाटतंच. 'लश ग्रीन' हे इंग्रजीतलं तसलंच जोडकाम आहे.

'व्हर्डंट ग्रीन' मात्र टाळा. व्हर्डंटमध्ये हिरवं आधीच बसलेलं आहे. छटेचं नाव म्हणून तो जोडशब्द दिसतो, पण डोंगरासाठी तो म्हणजे 'हिरवंगार हिरवं'.

आणि लश ग्रीनबद्दल माझी वैयक्तिक कुरकुर: शब्द बरोबर आहे, पण इतका वापरून झालाय की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे काही उभंच राहत नाही. पाचशे शब्दांत एकदा पुरे.

६. 'आमचं गाव खूप हिरवं आहे' याचं मी 'अवर व्हिलेज इज व्हेरी ग्रीनिश' केलं. सरांनी लाल रेघ मारली. का?

ग्रीनिश म्हणजे हिरवट. हिरवट झाक असलेलं, धड हिरवं नसलेलं. साचलेल्या डबक्याचं पाणी ग्रीनिश. जुन्या भिंतीवरचं शेवाळ ग्रीनिश. गावाला ग्रीनिश म्हणालात तर ऐकणारा ग्रामपंचायतीकडे साफसफाईची मागणी करेल. 'अवर व्हिलेज इज व्हेरी ग्रीन' किंवा 'देअर इज अ लॉट ऑफ ग्रीनरी इन अवर व्हिलेज' म्हणा.

७. सातपुड्याला एव्हरग्रीन म्हटलं तर चालेल ना?

नाही. आणि हे उत्तर मी अनुभवानं देतेय.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका कृषी पर्यटन केंद्राचं माहितीपत्रक मी केलं. झोकात लिहून दिलं, 'नेसल्ड इन द एव्हरग्रीन सातपुडा'. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. दुपारी मालकांचा फोन आला, "ताई, तुम्हीच या आणि पाहुण्यांना समजावून सांगा." गेले. अंगणामागचा साग उघडाबोडका. खाली पानांचा थर, पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. त्या बाईंच्या हातात माझं पत्रक होतं आणि एव्हरग्रीनखाली त्यांनी पेनानं रेघ ओढली होती. मला एक शब्दही बोलता आला नाही. पत्रकाचा दुसरा गठ्ठा मी माझ्या पैशानं छापून दिला.

कारण साधं आहे. एव्हरग्रीन हा नुसता कौतुकाचा शब्द नाही, वनस्पतिशास्त्रातला ठरलेला शब्द आहे. जी झाडं सगळी पानं एकदम गाळत नाहीत, वर्षभर पानांत असतात, ती एव्हरग्रीन, सदाहरित. आपल्या बाजूच्या सातपुड्याचं जंगल शुष्क पानझडी आहे. साग, अंजन, सालई, धावडा, पळस. ही झाडं पाणी वाचवायला उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून मोकळी होतात. याला इंग्रजीत 'ड्राय डेसिड्युअस फॉरेस्ट' म्हणतात. यावल अभयारण्याबद्दल लिहिताना हाच शब्द वापरा. सदाहरित जंगल बघायचं तर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, आंबोलीकडे जावं लागेल. तिथे धो धो पाऊस पडतो. आपल्या जळगावला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तोही मनात आलं तर.

अपवाद असा की जंगल पानझडी असलं तरी त्यातलं एखादं झाड सदाहरित असू शकतं. नाल्याकाठचा आंबा, जांभूळ ही एव्हरग्रीन झाडं आहेत. 'ॲन एव्हरग्रीन जामून ट्री' बरोबर, 'ॲन एव्हरग्रीन फॉरेस्ट' चूक.

८. मग सातपुड्याला व्हर्डंट तरी कधी म्हणायचं?

महिना लिहून. नव्या पत्रकात मी 'व्हर्डंट फ्रॉम जुलै टु ऑक्टोबर' असं घातलं. मालक आधी नाराज होते, म्हणाले, "आठ महिन्यांचं गिऱ्हाईक घालवता की काय?" मग त्यांनीच सुचवलं की फाल्गुनात पळस फुलतो, तेही लिहा. लिहिलं, 'बेअर अँड फ्लेम-कलर्ड इन मार्च'. आता मार्चमध्ये लोक पळस बघायलाच येतात आणि सागाला पानं का नाहीत असं कोणी विचारत नाही.

तोरणमाळचंही तसंच. सातपुड्याच्या माथ्यावर, हजार मीटरच्या वर असल्यामुळे तिथे उन्हाळ्यात खालच्यापेक्षा गारवा असतो, यशवंत तलावाच्या आसपास झाडीही असते. पण सीताखाईच्या कड्यावरून खाली बघताना जे हिरवं दिसतं, ते पावसाळ्याचं. मे महिन्यात त्याच कड्यावरून तपकिरी दिसतं. तपकिरी वाईट नसतं, फक्त ते व्हर्डंट नसतं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणाऱ्यांनीही हाच हिशेब लावावा. श्रावणात धबधबे वाहताना व्हर्डंट, होळीनंतर दुसरा शब्द शोधा.

९. माझी यावल तालुक्यात केळी आहे. मे महिन्यात काढलेल्या फोटोखाली 'व्हर्डंट' लिहिलं, तर एकानं कमेंट केली, 'खानदेशात मे महिन्यात हिरवं? खोटं आहे.' कोण बरोबर?

तुम्ही. मेमध्ये सावदा-फैजपूर रस्त्यानं जाऊन बघावं त्यानं. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर, डावीकडे नांगरून ठेवलेलं काळं वावर तापतंय आणि उजवीकडे केळीची बाग, आत पाय टाकला की चपलेखाली ओल लागते. ही हिरवाई पावसाची नाही, विहिरी-बोअरच्या पाण्याची आणि ठिबकच्या नळीची आहे. पण व्हर्डंट हा शब्द पाणी कुठून आलं ते विचारत नाही. डोळ्यांना हिरवं विस्तारानं दिसलं की झालं.

एकच सांभाळा. फोटोतली पानं उष्ण वाऱ्यानं चिरफाळलेली असतील, कडा करपल्या असतील, तर लश लिहू नका. दाट आहे म्हणून व्हर्डंट चालेल, पण लशमध्ये तजेला लागतो (प्रश्न ४). बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची ताटी केली असेल तर आतली पानं बरीच शाबूत राहतात. त्या बागेला दोन्ही शब्द द्या, आणि ताटी घालणाऱ्याला चहा.

१०. आमची केळी एक्स्पोर्ट होते. ब्रोशरमध्ये 'व्हर्डंट बनानाज फ्रॉम जळगाव' कसं वाटतं?

वाचायला छान, धंद्याला वाईट. फळाला व्हर्डंट लागत नाही. आणि तुमच्या गिऱ्हाइकाला हिरवेपणाचं कौतुक नकोय, माहिती हवीय. केळीच्या व्यापारात ग्रीन म्हणजे न पिकलेली, कडक. घड हिरवे असतानाच उतरवतात, फण्या धुऊन खोक्यात भरतात, साधारण १३-१४ अंशांना गार ठेवून पाठवतात आणि तिकडे पोचल्यावर रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात. म्हणून 'शिप्ड ग्रीन' किंवा 'हार्वेस्टेड मॅच्युअर ग्रीन' लिहा. समोरच्याला लगेच कळेल.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते पहिल्या ओळीत घाला. बागेच्या फोटोखाली मात्र व्हर्डंट खुशाल लिहा. बाग व्हर्डंट, केळं ग्रीन.

जाता जाता: 'बनाना ट्री' सगळेच म्हणतात, पण केळ हे झाड नाही. तिचं खोड पानांच्या बुडाशी असलेल्या आवरणांचं बनलेलं असतं, लाकूड नसतं. म्हणून शास्त्रीय मजकुरात 'बनाना प्लांट'.

११. केळ वर्षभर हिरवी असते, मग तिला पेरेनिअल म्हणायचं की एव्हरग्रीन?

पेरेनिअल. याचा अर्थ दोन वर्षांहून जास्त जगणारी वनस्पती. मूळ खोड घड देऊन संपतं, पण बुडाशी पिलं येत राहतात. पेरेनिअलचा हिरवेपणाशी संबंध नाही. साग पेरेनिअल आहे आणि एप्रिलमध्ये उघडा आहे. नदीला पेरेनिअल म्हटलं तर बारमाही. आपल्याकडच्या किती नद्यांना ते लागू पडतं हा वेगळाच विषय, तो इंग्रजीच्या बाईंना विचारू नका.

१२. दारातल्या तुळशीला व्हर्डंट म्हणू का?

एका कुंडीला नको. तुळस झुपकेदार असेल तर 'बुशी', तब्येतीत असेल तर 'हेल्दी' किंवा 'थ्रायव्हिंग'. पण गॅलरीभर कुंड्या आहेत, कठड्यावरून मनीप्लांट खाली आलाय, तर 'अ व्हर्डंट बाल्कनी' बिनधास्त. जागा झाली ना ती.

एकट्या मोठ्या झाडाचं काय? डेरेदार वडाला 'स्प्रेडिंग', पानांनी भरलेल्या पिंपळाला 'लीफी'. चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते तेव्हा तर ग्रीनही नको, 'कॉपर-कलर्ड न्यू लीव्ह्ज' म्हणा. आपल्या लोकांनी विशेषणांची भानगडच ठेवली नाही, गावाच्या नावातच झाड घातलं: पिंपळनेर, पळासनेर.

१३. लक्झरिअंट आणि लक्झुरिअस एकच का? रिसॉर्टसाठी हवंय.

रिसॉर्टवाल्यांची ही चूक मी दरवर्षी दुरुस्त करते. लक्झरिअंट म्हणजे भरघोस वाढलेलं: वेल, गवत, केस, मिशासुद्धा. लक्झुरिअस म्हणजे ऐषारामी: खोली, गादी, गाडी. 'लक्झुरिअस गार्डन' म्हणजे बागेत एसी लावलाय असं वाटतं. 'लक्झरिअंट रूम्स' म्हणजे खोलीत गवत उगवलंय.

१४. ग्रीनरीचं अनेकवचन ग्रीनरीज होतं का?

होत नाही. फोलिएजचंही फोलिएजेस होत नाही. मराठीत तरी हिरवाया कुठे म्हणतो आपण? हिरवळीचं भाषांतर करताना मात्र जपून. बागेतली कापलेली हिरवळ 'लॉन', रानातली 'ग्रास', आणि कॉलेजच्या कट्ट्यावर मुलं जिला हिरवळ म्हणतात तिचं भाषांतर मी करून देणार नाही.

१५. कुठे कुठे ग्रीन बदलून व्हर्डंट घालता येत नाही?

यादी करायला बसले तर पान भरेल. नेहमी चुकणारे तेवढे सांगते.

ठरून गेलेले जोडशब्द मोडायचे नाहीत. हिरवळीचं खत 'ग्रीन मॅन्युअर', मग ताग असो की धैंचा. हिरवा चारा 'ग्रीन फॉडर'. ग्रीनहाऊस, ग्रीन बेल्ट, ग्रीन झोन. यातल्या एकालाही व्हर्डंट लावून बघा, कृषी सहायकही ओळखणार नाही.

पर्यावरणपूरक या अर्थाचा ग्रीनही वेगळा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. उन्हाळ्यात तिथे गेलात तर गवत वाळून पिवळं पडलेलं, झाड शोधावं लागतं, आणि वर पाती फिरतायत. ही वीज ग्रीन, पठार व्हर्डंट नाही. उलट एखादी बाग व्हर्डंट असेल पण तिच्यावर भरमसाट औषधं मारली असतील तर ती ग्रीन नाही. दोन शब्द एकमेकांना अजिबात बांधील नाहीत.

नुसत्या रंगाच्या वस्तूंनाही व्हर्डंट नको. हिरवा चुडा, हिरवी साडी, हिरवी मिरची, सगळं ग्रीन. जळगावचं भरताचं वांगंसुद्धा. ते फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेषा. बाहेरच्या लोकांना वांगं म्हटलं की जांभळंच आठवतं, म्हणून 'पेल ग्रीन' मुद्दाम लिहा. आमच्या एका विद्यार्थिनीनं पाककृतीत 'रोस्ट द व्हर्डंट ब्रिंजल' लिहिलं होतं. अख्खं वावर भाजायला घेतल्यासारखं वाटलं.

पाण्याला तर नकोच. तलावात डोंगराचं प्रतिबिंब पडून पाणी हिरवं दिसलं तर 'एमरल्ड'. शेवाळानं हिरवं दिसलं तर प्रश्न ६ बघा.

१६. माणसाला व्हर्डंट म्हणता येतं का? शब्दकोशात असा अर्थ दिसला.

दिसला तो बरोबर आहे. ग्रीन म्हणजे नवखा, कच्चा, अजून न पिकलेला. त्याच अर्थानं थट्टेत व्हर्डंटही म्हणतात. पण हा वापर जुनाट झालाय. नव्यानं रुजू झालेल्या कारकुनाला 'व्हर्डंट' म्हणालात तर तो आभार मानेल.

इथे मराठी आणि इंग्रजीचे रस्ते फुटतात. इंग्रजीत हिरवा माणूस भोळा, मराठीत हिरवट म्हातारा म्हणजे चावट. 'देठ अजून हिरवा आहे' याचं शब्दाला शब्द भाषांतर करून सभेत अध्यक्षांचं कौतुक करायला जाऊ नका. 'एव्हरग्रीन' तेवढं माणसाला बिनधोक चालतं, गायकाला, नटाला, गाण्याला. तिथे पानं गळायचा प्रश्न नसतो. आणि ज्या बाईनं काडी खोचली तरी झाड होतं, तिला 'ग्रीन फिंगर्स' आहेत म्हणतात, अमेरिकेत 'ग्रीन थम'. आपण म्हणतो तिच्या हाताला गुण आहे.

१७. प्लॉटची जाहिरात करतोय. साइटवर सध्या फक्त बाभळी आहेत, पण झाडं लावणार आहोत. 'व्हर्डंट एन्क्लेव्ह' नाव देऊ का?

नाव द्या, नावाला कोण अडवणार. पण खालच्या मजकुरात 'सेट इन व्हर्डंट सराउंडिंग्ज' लिहिलंत तर ती आजची स्थिती सांगितल्यासारखी होते. 'लँडस्केपिंग प्लॅन्ड' किंवा 'ट्रीज टु बी प्लँटेड' लिहा. जाहिरात थोडी फिकी होईल, पण गिऱ्हाईक उन्हाळ्यात प्लॉट बघायला येतं आणि उन्हाळ्यात काय होतं ते सातव्या प्रश्नात लिहिलंय.

१८. दहावीच्या निबंधात हिरवाईचं वर्णन करायचंय. भारी शब्द किती घालू?

एक. उरलेली जागा दिसलेल्या वस्तूंना द्या.

मला आलेला एक निबंध असा होता, 'द लश ग्रीन व्हर्डंट हिल्स वेअर कव्हर्ड विथ ब्यूटिफुल ग्रीनरी'. एका वाक्यात चार वेळा हिरवं, आणि डोंगर कुठला ते कळत नाही. मी त्या मुलाला विचारलं, तू खरंच काय बघितलंस? म्हणाला, "बाबांच्या कापसात उभा होतो. कापूस माझ्या गुडघ्यापर्यंत होता. पलीकडे डोंगर होता, त्यावर ढग टेकला होता." मग आम्ही लिहिलं, 'द कॉटन स्टूड नी-हाय. बियाँड इट रोझ द व्हर्डंट स्लोप्स ऑफ द सातपुडा, विथ अ क्लाउड रेस्टिंग ऑन देम.' व्हर्डंट एकदाच आला, तोही लांबच्या उताराला. जवळच्या कापसाला विशेषण लागलंच नाही, गुडघ्यानं काम केलं.

हिवाळ्यातल्या निबंधालाही असंच. दादर (रब्बी ज्वारी) उभी असेल, हरभरा असेल, तर पिकाचं नाव घ्या. 'व्हर्डंट फील्ड्स ऑफ व्हीट' जानेवारीत चालतं. मार्चमध्ये गहू पिवळा पडला की 'गोल्डन'.

१९. ताई, अहिराणीत व्हर्डंटला काय म्हणशात?

अमळनेरच्या एका आजोबांचा प्रश्न, नातीकडून टाइप करून घेतलेला. हिरवंगारच म्हणायचं. 'वावर हिरवंगार दिखस.' अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, पण हिरव्याला त्याची झळ लागत नाही. मी त्यांना हेच वाक्य पाठवलं आणि खाली इंग्रजी दिलं, 'द फील्ड लुक्स व्हर्डंट.' त्यांचं उत्तर आलं की एका वावराला एवढा मोठा शब्द कशाला, ग्रीन लिही. त्यांचं वावर दोन एकर आहे. बांधावर उभं राहिलं की ओळीतलं एकेक रोप दिसतं, त्यामुळे पहिल्या प्रश्नातल्या खुणेप्रमाणे ते बरोबर होते. मी ग्रीन केलं.